बोत, बोंड आणि नितळ बिअर

पिकलेलं काजूचं बोंड चावलं की आधी गोड रस सुटतो आणि मागोमाग जीभ कोरडी, खरखरीत होते. बोंडातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतात. लाळेचा ओशटपणा जातो आणि आपण म्हणतो, तुरट लागलं. ही प्रथिनं प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लाने भरलेली असतात. जिथे प्रोलीन जास्त, तिथे प्रथिनाची साखळी घट्ट गुंडाळली जात नाही, सैल आणि उघडी राहते. टॅनिनाला चिकटायला भरपूर जागा मिळते.

थंडगार बिअर ग्लासात धूसर दिसते तेव्हा तिथेही हेच रसायन चाललेलं असतं. बार्लीच्या दाण्यातलं होर्डीन हे प्रथिनही प्रोलीनने भरलेलं. टॅनिनं येतात बार्लीच्या टरफलातून आणि हॉप्सच्या फुलांतून. साध्या तापमानाला दोघं एकमेकांना सैलसर धरून विरघळलेली असतात. बाटली शून्य अंशाजवळ गेली की पकड घट्ट होते, कण मोठे होतात, प्रकाश विखुरतो आणि बिअर गढूळ दिसते. बाटली पुन्हा २० अंशांवर आणली की गढूळपणा नाहीसा होतो. थंड-गरम असं वारंवार झालं आणि त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळला, तर मात्र बंध कायमचे होतात आणि तो गढूळपणा कशानेही विरत नाही.

प्रकृतीला याने काही होत नाही. गव्हाची बिअर तर गढूळच असावी अशी अपेक्षा असते. पण १८४२ साली बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) प्लझेन शहरात योसेफ ग्रोल या ब्रुअरने सोनेरी, आरपार दिसणारी लागर, म्हणजे थंडीत आंबवून थंडच मुरवलेली बिअर, बनवली आणि तेव्हापासून लागरकडून लोक नितळपणा मागू लागले. ही मागणी मला रास्त वाटते. लागरमध्ये लपवायला काही नसतं, आणि तिचा नितळपणा हा करणाऱ्याच्या धीराचा पुरावा असतो. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. पुढचं वर्णन जिथे मुभा आहे तिथल्या घरगुती पिंपांचं आणि आपल्याकडच्या परवानाधारक छोट्या ब्रुअरींचं आहे.)

गढूळपणा कशाचा आहे हे आधी ओळखावं लागतं. आयोडिनचा थेंब टाकल्यावर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) रस निळा-काळा झाला तर स्टार्चची साखर पुरती झालेली नाही, आणि नंतर कितीही थंड करा, उपयोग नाही. दुसरा गढूळपणा तरंगणाऱ्या यीस्टचा. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून ती आपल्या वजनाने खाली बसते. प्रथिन-टॅनिनाचे कण बहुधा एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. दहापट बारीक कण शंभरपट सावकाश बसतो. लागर आठवडेच्या आठवडे शून्य अंशाजवळ का ठेवतात, याचं एक उत्तर या गणितात आहे. थंडीने कण जमतात, काळाने ते बसतात. आणि गाळायची असेल तर ती त्याच थंडीत गाळायची, कारण ऊब लागली की कण विरघळून गाळणीतून निसटतात.

कोकण किनाऱ्यावर अडचण इथेच येते. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांत नीट काम करतं. उकळलेला माल्टचा रस झटकन थंड केला तर प्रथिनांचे पुंजके आधीच सुटून तळाशी जातात. पण मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या नळाचं पाणी रसाभोवती कितीही खेळवलं, तरी रस त्या पाण्यापेक्षा थंड होणार नाही. शेवटचा टप्पा बर्फानेच गाठावा लागतो.

मदतीला समुद्र येतो. उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं लाल समुद्री शेवाळ टाकतात. हे उत्तर अटलांटिकचं. त्यातलं कॅराजीनन ऋणभारित असतं, ते धनभारित प्रथिनांना ओढून घेतं. पपईच्या चिकातलं पपेनही कामी येतं: ते प्रथिनांचे तुकडेच करतं. लिओ वॉलरस्टाइनने १९११ मध्ये अमेरिकेत असल्या प्रथिनं तोडणाऱ्या विकरांच्या वापराचं पेटंट घेतलं. पण पपेन जास्त झालं तर फेस धरणारी प्रथिनंही तुटतात, आणि बिनफेसाची नितळ बिअर कोणाला हवी!

सगळ्यात जुना उपाय माशाच्या पोटातला. माशाची वायुपिशवी, म्हणजे आपले कोळी ज्याला बोत म्हणतात ती, सुकवून सौम्य आम्लात विरघळवली की जवळजवळ शुद्ध कॉलेजेन हे प्रथिन मिळतं. बिअरच्या आंबटपणात ते धनभारित असतं, यीस्टची पेशी ऋणभारित. दोघं मिळून जड पुंजके होतात आणि भराभर तळ गाठतात. पूर्वी इंग्लंडात त्यासाठी रशियातून स्टर्जन माशाचा महागडा बोत येई. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉकने कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. आपल्याकडच्या घोळ माशाचा बोत मात्र बिअरच्या वाटेला क्वचितच जात असेल, त्याला खाण्यासाठीच पूर्वेकडच्या देशांत सोन्याचा भाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका बोटीला सुमारे १५७ घोळी मिळाल्या आणि लिलाव सव्वा कोटीच्या वर गेला, तो मुख्यतः बोतामुळेच.

बोत यीस्टवर जोरात चालतो, प्रथिन-टॅनिनाच्या बारीक कणांवर कमी. म्हणून तो थंडीची जागा घेत नाही. बिअर आधी थंड करायची, कण जमू द्यायचे, मग बोताचं द्रावण घालायचं. या द्रावणालाही ऊब सोसत नाही. कॉलेजेनचा तीन पदरी पीळ टिकतो तो प्रोलीन आणि त्याच्या भावंडाच्या, हायड्रॉक्सिप्रोलीनच्या, जोरावर. थंड पाण्यातल्या कॉडमध्ये ती कमी, म्हणून त्याचा पीळ लवकर उलगडतो. उष्ण समुद्रातल्या माशांत ती जास्त, म्हणून त्यांचा पीळ अधिक तापमान सोसतो. तरीही आपल्याकडच्या उन्हाळ्यात द्रावण फ्रीजमध्येच ठेवायला हवं. पीळ सुटला की उरतं ते साधं जिलेटिन. तेही बिअर निवळतं, पण बोताइतकी नाही.