आपत्कालीन वैद्यकीय सेवा : नियमभंग व शिक्षा

अपघात, हृदयविकाराचा झटका, प्रसूतीतील गुंतागुंत अशा प्रसंगी द्यावयाचे तातडीचे उपचार आणि रुग्णवाहतूक यांविषयीचे नियम मोडल्यास होणारी कायदेशीर कारवाई. गेलेला वेळ रुग्णाला परत मिळत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष इजा झाली नसली, तरी अनेक देशांत नियमभंग हाच स्वतंत्रपणे दंडनीय ठरतो.

नित्याची कारवाई परवान्याशी निगडित असते. रुग्णवाहिकेच्या तपासणीत ऑक्सिजन सिलिंडरमधील दाब, डिफिब्रिलेटरची (विजेच्या धक्क्याने हृदयाचे ठोके पूर्ववत करणाऱ्या यंत्राची) बॅटरी, औषधांची मुदत आणि मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांची नोंदवही पाहिली जाते. किरकोळ त्रुटींवर ताकीद वा दंड, गंभीर त्रुटींवर परवान्याचे निलंबन होते. मॉर्फिनचा साठा व नोंद यांत तफावत निघाली, तर अमली पदार्थविषयक कायद्याखाली फौजदारी कारवाईही ओढवू शकते.

सर्वांत गंभीर नियमभंग म्हणजे दारात आलेल्या रुग्णाला परत पाठवणे. अमेरिकेतील १९८६ च्या कायद्यानुसार पैसे वा विमा यांची चौकशी करण्यासाठी तपासणी लांबवता येत नाही आणि प्रकृती स्थिर करण्यापूर्वी रुग्णाला अन्यत्र धाडण्यावर कडक अटी आहेत. भंगाबद्दलचा दंड पूर्वी कमाल ५०,००० डॉलर होता. महागाईनुसार तो आता १,००,००० डॉलरहून अधिक झाला आहे. मात्र रुग्णालयांना खरी धास्ती असते ती मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतून वगळले जाण्याची.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात, पोलिसी सोपस्कारांसाठी न थांबता जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सांगितले. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट वा सोय नसल्याचे सांगून परत पाठवले आणि अखेर त्याला खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. या प्रकरणी १९९६ मध्ये न्यायालयाने २५,००० रुपयांची भरपाई देववून, आर्थिक अडचण ही शासनाची सबब होऊ शकत नाही, असे बजावले. हा निर्णय विशेष मोलाचा आहे, कारण खाटाच नसतील तर एकट्या कर्मचाऱ्याला शिक्षा करून सेवा सुधारत नाही.

सामान्य नागरिकही या नियमांच्या कक्षेत येतात. भारतात मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फ्रान्समध्ये संकटातील व्यक्तीला स्वतःस धोका नसताना मदत नाकारल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व ७५,००० युरोपर्यंत दंड आहे. जर्मनीत हाच अपराध एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र असून, २०१७ पासून मदतकर्त्याला अडथळा आणणेही त्याच कलमाखाली येते. खोटे आपत्कालीन दूरध्वनी करणे बहुतेक ठिकाणी दंडनीय आहे.

शिक्षेच्या किंवा चौकशीच्या धाकाने लोक जखमीजवळ जायलाच कचरतात, हा या कायद्यांपुढील जुना पेच होय. म्हणून भारतातील २०१९ च्या त्याच दुरुस्तीने, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण दिले आहे.