पाण्यात कळा सोसणे आणि पाण्यात बाळंत होणे

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मिडवाइफच्या, म्हणजे प्रशिक्षित प्रसूतिसेविकेच्या, देखरेखीखाली घरी बाळंत होण्याचा पर्याय गरोदर स्त्रीला खुला असतो, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो उपलब्ध आहे. मात्र घर निवडले की वेदनाशमनाचे पर्याय आपोआप कमी होतात. एपिड्युरल, म्हणजे कण्याजवळ दिले जाणारे बधिर करणारे औषध, घरी देता येत नाही, कारण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो आणि त्यानंतर आई व बाळ या दोघांवरही सतत लक्ष ठेवावे लागते. मग उरतात ते सौम्य विद्युतस्पंद देणारे टेन्स यंत्र, श्वासातून ओढायचा एन्टोनॉक्स वायू, काही भागांत पेथिडीनसारखे इंजेक्शन आणि कोमट पाण्याचा हौद. यांपैकी पाण्याबद्दल सर्वाधिक बोलले जाते आणि गैरसमजही त्याच्याच वाट्याला सर्वाधिक येतात, कारण ‘वॉटरबर्थ’ या एका नावाखाली दोन स्वतंत्र निर्णय एकत्र बांधले जातात. कळा सुरू असताना पाण्यात बसणे हा वेदनाशमनाचा उपाय आहे; बाळ पाण्याखाली जन्माला येऊ देणे हा प्रसूतीच्या पद्धतीचा प्रश्न आहे. पहिले स्वीकारून दुसरे नाकारता येते, आणि बऱ्याच स्त्रिया तसेच करतात.

पहिल्या गोष्टीचा परिणाम कसा होतो हे समजणे अवघड नाही. छातीपर्यंत पाणी असलेल्या हौदात शरीराचे वजन जाणवेनासे होते, त्यामुळे गुडघ्यांवर बसणे, पुढे रेलणे, कुशीवर वळणे या हालचाली जमिनीवर होतात त्यापेक्षा पुष्कळ सहज होतात. उबेमुळे कंबरेचे आणि ओटीपोटाचे ताठलेले स्नायू सैल पडतात. आणि दोन कळांच्या मधल्या वेळात खरी विश्रांती मिळते. कळ नाहीशी होत नाही, ती सोसण्याची ताकद टिकते. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संशोधक संस्थेच्या २०१८च्या अहवालात, पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंतच्या कळांत, पाण्यात बसलेल्या स्त्रियांना एपिड्युरलची गरज काहीशी कमी पडते, असा निष्कर्ष निघाला आहे. ‘काहीशी’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. पाण्यात उतरताच वेदना विरघळून जातात, अशा थाटाची वर्णने वाचून आखलेली योजना पहिल्याच जोरदार कळेला कोलमडते.

वेळ साधणे मात्र महत्त्वाचे असते. कळा अजून विस्कळीत आणि दूर दूर असताना हौदात उतरले, तर त्या मंदावण्याची शक्यता असते, म्हणून कळा नियमित होऊन त्यांना जोर येईपर्यंत चालणे, टेन्स यंत्र, पाठीला शेक असे उपाय करत राहावे, असे मिडवाइफ सहसा सुचवतात. पाठीला चिकटवलेल्या पट्ट्यांतून स्पंद देणारे टेन्स यंत्र पाण्यात चालत नाही, ते आधी काढून ठेवावे लागते. निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन असलेला एन्टोनॉक्स मात्र हौदात बसूनही तोंडातल्या नळीने ओढता येतो. त्याचा असर सुमारे अर्ध्या मिनिटात जाणवतो आणि ओढणे थांबवताच लवकर ओसरतो, त्यामुळे कळ येऊ लागताच तो ओढायला सुरुवात करावी लागते. पेथिडीनचे तसे नाही. त्याने गुंगी येते, आणि ‘नाइस’ या इंग्लंडमधील आरोग्यविषयक सूचना ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा इंजेक्शननंतर दोन तासांच्या आत, किंवा स्त्रीला झोप येत असेल तर, पाण्यात उतरू नये. म्हणजे घरच्या योजनेत इंजेक्शन आणि हौद हे दोन्ही लिहिले असले, तरी ते एकाच वेळी वापरायचे नसतात, आणि इंजेक्शन उशिरा घेतले तर हौद बहुधा हातचा जातो. शिवाय ते औषध बाळापर्यंत पोचते आणि जन्मानंतर त्याचा श्वास मंद होऊ शकतो, हेही ते मागण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

आता दुसरी गोष्ट. येथे विचाराचा विषय आईची वेदना नसून बाळाचा पहिला श्वास हा असतो. निरोगी बाळ शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात बाहेर आले, तर ते लगेच श्वास घेत नाही. चेहऱ्याला लागणारी हवा आणि गारवा हे श्वास सुरू होण्याचे मोठे कारण असते, आणि तोपर्यंत नाळेतून प्राणवायू मिळत राहतो. परंतु कळांच्या काळात ज्या बाळाला प्राणवायू कमी पडला आहे, ते पाण्याखालीच श्वास ओढण्याचा प्रयत्न करू शकते. म्हणूनच बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांबाबत थोडीही शंका आली तर स्त्रीला पाण्याबाहेर यायला सांगितले जाते. या पद्धतीचे नियमही वेगळे आहेत. बाळाचे डोके पूर्ण पाण्याखाली बाहेर यावे लागते. मध्येच आईने कंबर वर उचलली आणि डोक्याला हवा लागली, तर उरलेले बाळंतपण पाण्याबाहेरच पूर्ण करावे लागते. मिडवाइफ शक्यतो हात लावत नाही, आणि जन्म होताच बाळाचे तोंड पाण्यावर आणले जाते. ते वर घेताना नाळ ताणली जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते, कारण नाळ तुटण्याचा धोका पाण्यात बाहेरच्यापेक्षा जास्त असतो.

इतिहासही या दोन गोष्टींतला फरक सांगतो. फ्रान्समधील पिथिव्हिए या गावच्या रुग्णालयात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी हौद ठेवला तो कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून. काही स्त्रियांना वेळेत बाहेर येण्याची इच्छा झाली नाही आणि बाळे पाण्यातच जन्मली. अशा १०० जन्मांबद्दलचा त्यांचा लेख १९८३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यानंतर जगभर चर्चा झाली ती मुख्यतः जन्माची. वेदनाशमन मागे पडले. छायाचित्रांत तोच क्षण चांगला दिसतो, हेही त्याचे एक कारण असावे.

वैद्यकीय संस्थांच्या भूमिकाही या रेषेवरच विभागतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये, पूर्ण दिवस भरलेल्या आणि गुंतागुंत नसलेल्या स्त्रीला पहिल्या टप्प्यात पाण्याचा पर्याय देता येईल असे म्हटले, पण जन्म पाण्याबाहेरच व्हावा अशी शिफारस केली. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या आणि मिडवाइफच्या संघटनांनी मात्र २००६ मध्ये संयुक्त निवेदनात दोन्हींना पाठिंबा दिला होता. यानंतरचा सर्वांत मोठा पुरावा ‘पूल’ नावाच्या अभ्यासातून आला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ब्रिटनमधील सुमारे ८७ हजार स्त्रियांच्या २०१५ ते २०२२ या काळातील नोंदी होत्या, आणि या सगळ्याच स्त्रियांनी कळांच्या वेळी पाणी वापरले होते. तुलना केली ती पाण्यातच बाळंत झालेल्या आणि त्याआधी बाहेर आलेल्या स्त्रियांची. गुंतागुंत नसलेल्या स्त्रियांमध्ये आईला होणाऱ्या गंभीर जखमा किंवा बाळाला होणारा गंभीर त्रास पाण्यातील जन्मामुळे वाढलेला आढळला नाही. हा निष्कर्ष वाचून कोणी ‘पाणी वेदना कमी करते हे सिद्ध झाले’ असे म्हणू लागला, तर त्याने भलत्याच प्रश्नाचे उत्तर वाचले आहे.

ही सरमिसळ केवळ शब्दांची राहत नाही, तिची किंमत मोजावी लागते. बाळ पाण्यात गुदमरेल या भीतीने सासू किंवा आई हौदालाच नकार देते, आणि कित्येक तासांचे वेदनाशमन शेवटच्या काही मिनिटांच्या शंकेपायी सोडून दिले जाते. याच्या उलट, ‘पाण्यातच बाळंत होणार’ असे मनाशी पक्के केलेली स्त्री रक्तस्राव, ताप किंवा मंदावलेले ठोके दिसूनही बाहेर यायला तयार होत नाही. पहिलटकरणीचा कळांचा नियमित टप्पा सरासरी आठ तास चालतो. त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष जन्माचा क्षण किती थोडा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे वेदनाशमनाच्या योजनेचे वजन कुठे असावे हे ठरवायला अडचण पडत नाही. माझ्या मते, हौदाचा आग्रह पहिल्या टप्प्यासाठी धरावा आणि जन्म कुठे व्हावा हे त्या क्षणी मिडवाइफच्या सल्ल्याने ठरवावे.

घरच्या हौदाच्या काही बाबी मात्र दोन्ही बाबतींत सारख्याच आहेत. पाणी ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही, पाण्याचे आणि आईचे तापमान तासातासाला बघायचे, आणि बाळाचे ठोके पाण्यात चालणाऱ्या डॉप्लरने, म्हणजे ठोके ऐकवणाऱ्या हातातल्या यंत्राने, ऐकत राहायचे: पहिल्या टप्प्यात दर पंधरा मिनिटांनी, जोर देण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो वजन, म्हणून जुन्या घरात वरच्या मजल्यावर हौद मांडण्यापूर्वी जमीन ते पेलेल का याची चौकशी करावी. घरातल्या बॉयलरला एवढे गरम पाणी एका दमात देता येते का, तेही रंगीत तालीम करून पाहावे. आणि हौद आठवडाभर आधी भरून हीटर व पंप लावून गरम ठेवण्याची युक्ती करू नये. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये अशाच हौदात घरी जन्मलेल्या एका बाळाला लिजनेअर आजार (पाण्यातल्या जिवाणूंमुळे होणारा फुफ्फुसाचा संसर्ग) झाला, तेव्हा आरोग्य यंत्रणेने असे हौद घरी वापरू नयेत असा इशारा दिला होता. कळा सुरू झाल्यावर नव्या नळीने ताजे पाणी भरायचे.

योजनेत एक नोंद घर सोडण्याविषयीही असावी. इंग्लंडमधील जन्मस्थळांच्या २०११च्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंत होण्याचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्क्यांना, तर आधी मूल झालेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना प्रसूतीच्या आधी किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावे लागले. आणि पहिलटकरणींच्या बाळांना होणाऱ्या गंभीर त्रासाचे प्रमाणही घरी अधिक दिसले. हलवण्याच्या कारणांत एपिड्युरलची मागणी हेही एक असते. रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित मिडवाइफ यांची ही साखळी नसलेल्या ठिकाणी, मग ते महाराष्ट्रातले गाव असो वा शहर, केवळ फुगवायचा हौद विकत आणून ही पद्धत उचलता येत नाही.

बाळ हातात आल्यावर वार पडण्याचा टप्पा उरतो. तोही पाण्यात झाला पाहिजे असे नाही. पाण्यात मिसळलेल्या रक्ताचा अंदाज घेणे कठीण असते, आणि वार लवकर पडावी म्हणून मांडीत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन घ्यायचे ठरले असेल, तर त्यासाठी आधी हौदाबाहेर येऊन पलंगावर किंवा सोफ्यावर बसावे लागते. योजनेत पाण्याची नोंद करताना म्हणून तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात: कळांसाठी हौद हवा का, जन्म पाण्यात चालेल का, आणि वारेच्या वेळी बाहेर यायचे का. तिन्हींची उत्तरे एकच असण्याची गरज नाही.