काचेवरचे धुके आणि गोगलगायीची तहान

गोगलगायीच्या काचपेटीत आतल्या बाजूने पाण्याचे थेंब जमलेले दिसले, की ओलावा पुरेसा आहे असे मानून पाळणारा निश्चिंत होतो. हा समज अर्धाच खरा आहे. ते थेंब हवेतल्या बाष्पाबद्दल जितके सांगतात, तितकेच काचेच्या थंडपणाबद्दलही सांगतात. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि 80 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली तिच्यातले बाष्प पाणी होऊन साचू लागते तो आकडा, सुमारे 21 अंश असतो. म्हणजे रात्री खोली गार होऊन काच त्याखाली उतरली, की पेटीत नव्याने पाणी न घालताही तिच्यावर धुके धरते. काच 13 अंशांपर्यंत गारठली, तर त्याच 25 अंशांच्या पण 50 टक्के आर्द्रतेच्या, म्हणजे गोगलगायीच्या दृष्टीने कोरड्याच, हवेतूनही तिच्यावर थेंब जमतील. काच पाहून ओलाव्याचा अंदाज बांधणे म्हणूनच भरवशाचे नाही.

गोगलगायीला या ओलाव्याची एवढी गरज का असते, हे तिच्या चालण्यातच दिसते. ती ज्या चिकट स्रावावरून सरकते, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि ते मागे सांडत ती पुढे जाते. शंखाबाहेर आलेल्या तिच्या अंगावर पाणी अडवणारी कोरडी, जाड कातडी नसते, त्यामुळे चालत नसतानाही तिच्या शरीरातून पाणी उडत राहते. शरीराचे तापमान ती स्वतः राखू शकत नाही. भोवतालचे तापमान तेच तिचे तापमान. हवा फार कोरडी झाली, की ती शंखात शिरते, तोंडावर स्रावाचा पडदा वाळवून दार बंद करते आणि शरीराचे सारे व्यवहार मंदावून वाट पाहत बसते. या सहनशक्तीचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्रिटिश म्युझियममधले आहे. इजिप्तच्या वाळवंटातील एका गोगलगायीचा शंख 1846 मध्ये मृत समजून तिथे पुठ्ठ्यावर चिकटवला गेला आणि 1850 मध्ये कोमट पाण्यात ठेवल्यावर ती गोगलगाय जिवंत निघाली. मात्र ती वाळवंटातली होती, आणि दार लावून जिवंत राहणे म्हणजे सुखाने जगणे नव्हे. पाळलेली गोगलगाय दिवसेंदिवस पडदा लावून बसली, तर आधी हवेकडे पाहावे.

या हवेचा आकडा वाचताना सर्वांत मोठी गफलत होते ती ‘सापेक्ष’ या शब्दाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकते, त्याच्या तुलनेत सध्या किती आहे, एवढेच सापेक्ष आर्द्रता सांगते, आणि ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. एक घनमीटर हवेत 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावते, तर 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम. त्यामुळे 20 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा बाहेरून पाणी न मिळता 30 अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास घसरते. पाणी कुठेही गेलेले नसते, हवेची तहान तेवढी वाढलेली असते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दोन्ही तापमानांना आकडा 80 टक्केच असला, तरी 30 अंशांच्या हवेत संपृक्ततेला, म्हणजे त्या कमाल मर्यादेला, कमी पडणारे बाष्प जवळजवळ पावणेदोन पट असते, म्हणजे ती हवा ओल्या अंगातले पाणी बरेच अधिक वेगाने ओढते. तापमान न पाहता नुसता टक्का वाचणे व्यर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट पेटीच्या हिशेबाची. 40 लिटरच्या पेटीतली हवा 25 अंशांना पूर्ण संपृक्त झाली, तरी तिच्यात एक ग्रॅमसुद्धा पाणी नसते. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा म्हणा. उलट तळाशी अंथरलेल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, चार बोटे जाड थरात शेकडो ग्रॅम पाणी राहू शकते. झाकण उघडले, की हवेतले बाष्प निघून जाते आणि आकडा धाडकन पडतो, पण थर ओला असेल तर थोड्या वेळात तो पुन्हा वर येतो. न येणे हीच खरी धोक्याची खूण. नुसती फवारणी केल्यावर चढणारा आकडाही तितकाच क्षणिक असतो, म्हणून फवारल्याबरोबर आर्द्रतामापक पाहण्याऐवजी तासाभराने पाहावा.

मापक कुठे ठेवला आहे, यावरही बरेच अवलंबून असते. झाकणाजवळच्या जाळीपाशी हवा कोरडी असते, तर थराला लागून ती जवळजवळ संपृक्त असू शकते, आणि गोगलगाय या दोन्ही ठिकाणी वावरते. म्हणून एक मापक थरापासून दोन-तीन बोटे उंचीवर आणि जमल्यास दुसरा वरच्या भागात असावा. तापवणारी मॅट वापरत असाल, तर ती तळाखाली न लावता एका बाजूच्या काचेला बाहेरून लावावी आणि थर्मोस्टॅटला जोडावी. गोगलगाय उकाड्यापासून सुटण्यासाठी मातीत खोल शिरते आणि तळच तापलेला असेल, तर ती नेमकी आगीकडे जाते. इन्फ्रारेड तापमापक बाहेरून रोखून आतले तापमान कळत नाही, कारण तो ज्या अवरक्त किरणांवरून तापमान मोजतो, त्यांना काच अपारदर्शक असते. दिसतो तो काचेचाच आकडा.

आर्द्रतामापकाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी 1783 मध्ये ज्या केशआर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात माणसाचा केसच वापरला होता, कारण ओलाव्याने केस किंचित लांब होतो. आजच्या डिजिटल मापकात पॉलिमरचा पातळ थर बाष्प शोषतो आणि त्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. स्वस्त मापकात तीन ते पाच टक्क्यांची चूक गृहीत धरावी. शिवाय सतत 80 टक्क्यांच्या वर राहिलेला संवेदक काही काळ अधिक आकडा दाखवू लागतो, आणि गोगलगायीची पेटी म्हणजे नेमकी तशीच जागा. त्यात ती मापकावरही चढते. छिद्रांवर स्राव वाळला, की आत हवाच जात नाही. मापकाभोवती बारीक जाळी बसवावी.

आकडे किती असावेत, हे जातीवर अवलंबून आहे. आफ्रिकी राक्षसी गोगलगायीला साधारण 21 ते 26 अंश मानवतात, बागेतल्या युरोपीय गोगलगायीला त्याहून थोडी थंड हवा बरी वाटते. आर्द्रता दोघींसाठी 75 ते 90 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. याच्या वर सतत राहिले आणि हवा खेळती नसली, तर बुरशी आणि माइट हे बारीक किडे माजतात. एका क्षणाच्या वाचनापेक्षा दिवसरात्रीतला किमान व कमाल आकडा जपून ठेवणारे उपकरण अधिक उपयोगी, कारण गोगलगाय रात्री फिरते आणि आपण तेव्हा झोपलेले असतो.

मापकाची परीक्षा घरच्या मिठाने घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतपतच पाणी घालावे, मीठ विरघळवून टाकू नये. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत एकत्र ठेवून रात्रभर एकाच तापमानाच्या जागी राहू द्यावे. अशा मिठावरच्या हवेची आर्द्रता 20 ते 25 अंशांना जवळजवळ 75 टक्क्यांवरच स्थिर राहते. सकाळी मापक 82 दाखवत असेल, तर पेटीतल्या त्याच्या प्रत्येक वाचनातून 7 वजा करावेत, आणि काही महिन्यांनी ही परीक्षा पुन्हा घ्यावी.