रूळ एकच, मापं दोन: एचओ आणि ओओमधला फरक दारात कळतो

खऱ्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती, म्हणजे मॉडेल रेल्वे, बनवण्याच्या छंदात एचओ आणि ओओ ही दोन मापं चालतात. एचओ गाडीच्या दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असतं. ओओ गाडीच्या रुळांमध्येही तेवढंच. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर व्यवस्थित धावतं, आणि पुठ्ठ्याच्या घरांच्या कितीतरी किटांवर ‘ओओ/एचओ’ असं जोडूनच छापलेलं असतं. त्यामुळे एकाच मापाची ही दोन नावं असावीत, असं नव्याने छंदाला लागलेल्या माणसाला वाटतं. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. माझा समज मोडला तो एका पुठ्ठ्याच्या दाराने.

मी एका ब्रिटिश सिग्नल केबिनचा नकाशा छापून ती बांधली होती. खाली विटांची भिंत, वर तिन्ही बाजूंनी खिडक्या, बाहेरून लाकडी जिना. विकतचं किट परवडणारं नव्हतं, म्हणून भिंती माउंटबोर्डच्या, म्हणजे जाड कडक पुठ्ठ्याच्या, खिडक्यांना शर्टाच्या खोक्यातलं पारदर्शक प्लास्टिक आणि कठड्याला उदबत्तीच्या काड्या. सगळा खर्च २०० रुपयांच्या आत. केबिन सुबक झाली होती. ती माझ्या एचओ डब्यांशेजारी ठेवली, दारात स्टेशन मास्तर उभा केला आणि काहीतरी खटकलं. मास्तर २० मिलिमीटर उंच होता आणि दार २८. एचओच्या हिशेबात ते दार ८ फुटी होतं. जिन्याची पायरी त्याच्या गुडघ्याच्या दिशेने निघालेली. इमारतीत चूक नव्हती, मास्तरातही नव्हती. दोघं वेगवेगळ्या मापाचे होते, एवढंच.

इथे दोन शब्द सुटे करून घ्यावे लागतात. गेज म्हणजे रुळांमधलं अंतर. स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत आपली वस्तू कितीपट लहान. एचओ आणि ओओ यांचं गेज एक आहे, स्केल वेगळं आहे. एचओमध्ये खऱ्या १ फुटाला ३.५ मिलिमीटर धरतात, म्हणजे १:८७. ओओमध्ये १ फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. अर्ध्या मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे तो लागू होतो, आणि ओओमधली इमारत आकारमानाने एचओपेक्षा जवळजवळ दीडपट भरते.

असा घोळ झाला कसा? ब्रिटनमध्ये ‘ओ’ हे माप आधीपासून होतं, १ फुटाला ७ मिलिमीटरचं. त्याचं निम्मं ते एचओ, म्हणजे ‘हाफ ओ’. पण ब्रिटनचे जुने बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे तिथली खरी इंजिनंच युरोपातल्या इंजिनांपेक्षा लहान अंगाची. ती ३.५ मिलिमीटरच्या मापात आणल्यावर त्या काळच्या विजेच्या मोटर इंजिनाच्या आत मावेनात. मग तिथल्या उत्पादकांनी रूळ तेच ठेवले आणि वरचं शरीर ४ मिलिमीटरच्या मापाने फुगवलं. १९३८ साली आलेल्या ‘हॉर्नबी डब्लो’ या मॉडेल गाड्यांमुळे हे माप ब्रिटनमध्ये घरोघरी गेलं आणि पुढे तेच रूढ झालं. अमेरिका आणि युरोप एचओवर राहिले. याचा परिणाम असा की ओओची गाडी आजही स्वतःच्या मानाने अरुंद रुळावर धावते. १६.५ मिलिमीटर म्हणजे त्या मापात ४ फूट १॥ इंच. ब्रिटनमधला खरा रूळ मात्र ४ फूट ८॥ इंचांचा.

गाड्या विकत घेणाऱ्याला हे फारसं जाचत नाही. इमारत हाताने बांधणाऱ्याला जाचतं, कारण त्याला प्रत्येक रेघ स्वतः मारायची असते. म्हणून पुठ्ठ्याला कटर लावण्याआधीच कोणत्या मापात बांधायचं ते ठरवावं.

मापं घेण्याच्या बाबतीत ओओ फार सोयीचं आहे. ४ मिलिमीटर म्हणजे १ फूट, म्हणून १ मिलिमीटर म्हणजे ३ इंच. आपल्याकडची जुन्या मापाची वीट सांध्यासकट साधारण ९ इंच लांब आणि ३ इंच उंच धरतात. म्हणजे ओओमध्ये विटेचा एक थर बरोबर १ मिलिमीटर! एखाद्या जुन्या केबिनचा समोरून फोटो काढा, दाराच्या कडेला विटांचे थर मोजा. २८ थर भरले तर दार ७ फूट, आणि पुठ्ठ्यावर २८ मिलिमीटर. टेप घेऊन रेल्वेच्या हद्दीत शिरायची गरजच नाही. ९ इंची भिंतीची जाडी ३ मिलिमीटर, म्हणजे दीड मिलिमीटरच्या माउंटबोर्डचे दोन थर. एचओमध्ये हाच थर ०.८७५ मिलिमीटरचा होतो. तो पट्टीवर सापडत नाही, दर वेळी गुणाकार करावा लागतो.

छपरालाही ओओ साथ देतं. मंगलोरी कौल रुंदीला साधारण ९ इंच दिसतं, म्हणजे ३ मिलिमीटर. मोबाइलच्या ॲक्सेसरीज येतात त्या पातळ खोक्यांच्या नालीदार पुठ्ठ्याच्या लाटा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतात. खोकं पाण्यात भिजवून वरचा कागद हलकेच सोलायचा, नालीदार थर वाळवायचा, ४ मिलिमीटरहून किंचित रुंद पट्ट्या आडव्या कापायच्या आणि वळचणीपासून वर एकावर एक चढवत न्यायच्या. गेरूच्या रंगाचा हात दिला की छप्पर तयार. चिकटवताना फेविकॉल पातळ पुसावा आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना कागद लावावा. एकाच बाजूला लावला तर भिंत वाळताना धनुष्यासारखी वाकते.

हे वाचून सरळ ओओ निवडावंसं वाटेल. पण गाडी कोणती धावणार आहे? भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो एचओमध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवा, ओओमध्ये २२. आपल्या मॉडेलचे रूळ मात्र १६.५चेच. एचओत पावणेतीन मिलिमीटरची तूट डोळा खपवून घेतो. ओओत ती साडेपाच होते आणि गाडी फळीवर तोल सांभाळत चालल्यासारखी दिसते. त्यामुळे कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटाचं दृश्य उभं करायचं असेल तर माझं मत ठामपणे एचओच्या बाजूने आहे, मग गुणाकार कितीही करावे लागोत.

नेरळ–माथेरानचं गणित उलटं. १९०७ साली सुरू झालेली ही लाइन २ फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरची. ओओमध्ये ते ८ मिलिमीटर, एचओमध्ये ७. बाजारात सहज मिळतो तो ९ मिलिमीटरचा रूळ, एन गेज नावाच्या आणखी लहान मापाचा. म्हणजे माथेरानसाठी ओओच खऱ्याच्या जास्त जवळ जातं, आणि विटेचा थर १ मिलिमीटर ही सोयही हाताशी राहते.

नकाशा चुकीच्या मापाचा हाती आला तर तो टाकू नका. ओओचा नकाशा ८७.५ टक्क्यांवर छापला की एचओ होतो. एचओचा ११४ टक्क्यांवर छापला की ओओ. झेरॉक्सवाल्याला टक्केवारी सांगितली की काम झालं. फक्त भिंतीची जाडी आणि कौलांच्या पट्ट्या नव्या मापाने पुन्हा काढाव्यात, त्या आपोआप बदलत नाहीत.

आणि इमारत बांधूनच झाली असेल तर? गोदाम किती उंच असावं हे कुणाच्या डोळ्यात बसलेलं नसतं. दार, पायरी, कठडा, बाक मात्र प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले असतात. तेवढे बदलले तर बरंच निभावतं. प्लॅटफॉर्मला ही सवलत नाही. आपल्याकडचा उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ८४० मिलिमीटरपर्यंत असतो. एचओत ते साडेनऊच्या थोडं पुढे, ओओत ११. तिथे चूक झाली की डब्याच्या दारातून उतरणारा माणूस खड्ड्यात तरी उतरतो नाहीतर भिंतीवर तरी चढतो.

लहान मापाची इमारत मागे ठेवली तर ती दूर असल्यासारखी दिसते आणि दोन फुटांचं टेबल खोल वाटतं. मोठ्या मापाची मागे ठेवली की सगळं दृश्य चपटं होतं. माझी ओओची केबिन मी म्हणूनच टेबलाच्या अगदी पुढच्या कडेला आणली. जुनं दार काढून लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं साडेचोवीस मिलिमीटरचं नवं बसवलं, वरच्या मोकळ्या जागेत झडपेची पट्टी दिली आणि जिना पुन्हा बांधला. स्टेशन मास्तर आता तिच्या दारात न अवघडता उभा असतो.