बहुसेन्सर कॅमेरा

एका मोठ्या सेन्सरचे (प्रकाश टिपणाऱ्या चिपचे) काम अनेक लहान सेन्सरांत वाटून, त्यांनी टिपलेल्या प्रतिमा संगणनाने जुळवून एकच छायाचित्र तयार करणारा कॅमेरा. यातल्या प्रत्येक सेन्सरला स्वतःचे भिंग असते. दर्जा फारसा न घालवता कॅमेऱ्याची जाडी कमी करणे, हा मुख्य हेतू.

जाडीचे मूळ भिंगात आहे. सेन्सर मोठा झाला की तेवढेच दृश्य त्यावर पसरायला भिंगाचे केंद्रांतरही (फोकल लेंग्थ; खालची भिंगांची मिमी.तली मापे याचीच) त्याच प्रमाणात वाढवावे लागते. ३६ × २४ मिमी. फुल-फ्रेम सेन्सरवर ५० मिमी.चे भिंग जेवढे दृश्य टिपते, तेवढे ४.८ × ३.६ मिमी.च्या सेन्सरवर ७ मिमी.चे भिंग टिपते. मात्र लहान सेन्सरला प्रकाश थोडा मिळतो, आणि संध्याकाळचे फोटो दाणेदार येतात. असे १६ सेन्सर शेजारी शेजारी बसवले तर एकूण क्षेत्रफळ सुमारे २७६ चौ. मिमी. भरते, म्हणजे फोर थर्ड्स या मोठ्या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरपेक्षा जास्त. जाडी मात्र एकाचीच राहते. सरासरी काढल्यावर नॉइज, म्हणजे हा दाणेदारपणा, प्रतिमांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: ४ प्रतिमांत निम्म्यावर, १६ प्रतिमांत पावावर.

खरी अडचण जुळणीची. प्रत्येक भिंग दृश्याकडे किंचित वेगळ्या जागेवरून पाहते. वरच्याच मापांची दोन भिंगे एकमेकांपासून ३० मिमी.वर असतील, तर १ मी.वरचा चेहरा दूरच्या डोंगराच्या तुलनेत दोन्ही प्रतिमांत सुमारे ०.२ मिमी. सरकलेला दिसतो. सेन्सर १३ मेगापिक्सेलचा असेल तर हे अंतर १८० पिक्सेलांच्या आसपास जाते. २० मी.वरच्या झाडासाठी तेच ९ पिक्सेल. म्हणून आधी प्रत्येक बिंदूची खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, काढावी लागते, मगच प्रतिमा एकमेकींवर बसतात. मोकळे केस, तारेचे कुंपण, काचेतले प्रतिबिंब अशा जागी ही आकडेमोड हमखास घसरते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क लेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी सुमारे १०० कॅमेऱ्यांचा संच उभारला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅमेरे दूरदूर मांडले की झुडपाआडचा माणूसही दिसतो, कारण एकाला पानाने झाकलेला भाग दुसऱ्याला दिसत असतो. हा संच अर्थातच खिशात मावणारा नव्हता. पेलिकन इमेजिंग या कंपनीने पुढे फोनसाठी ४ × ४ भिंगांचे मॉड्यूल केले.

ग्राहकांच्या हातात पोचलेले ठळक उदाहरण म्हणजे लाइट कंपनीचा एल१६. डेव्ह ग्रॅनन आणि राजीव लरोया यांच्या या कंपनीने तो २०१५ मध्ये जाहीर केला. तो मिळू लागला २०१७ मध्ये. त्यात १३ मेगापिक्सेलची १६ मॉड्यूल (भिंग आणि सेन्सरच्या जोड्या) होती: फुल-फ्रेमच्या हिशेबाने २८ मिमी.ची ५, ७० मिमी.ची ५ आणि १५० मिमी.ची ६. लांब केंद्रांतराची भिंगे आडवी निजवून त्यांच्यापुढे तिरपे आरसे लावले होते. २८ मिमी.चा फोटो घेताना ७० मिमी.ची मॉड्यूल आरशांच्या मदतीने दृश्याचे वेगवेगळे कोपरे वाटून घेत, आणि त्यातून ५२ मेगापिक्सेलपर्यंतचे चित्र जुळे. कल्पना देखणी होती. पण सगळी १६ मॉड्यूल एका वेळी कधीच वापरात नसत, त्यामुळे वरचा क्षेत्रफळाचा फायदा पुरता पदरात पडत नसे. लाइटचेच तंत्र वापरलेल्या नोकिया ९ प्युअरव्ह्यूमध्ये (२०१९) ५ कॅमेरे होते, त्यांपैकी ३ कृष्णधवल. रंगाची गाळणी नसल्याने त्यांना प्रकाश जास्त मिळे.

फोनच्या बाजारात मात्र दुसरा मार्ग सरस ठरला: एकाच सेन्सरने पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या जुळवायच्या. यात जागेऐवजी वेळ खर्ची पडतो आणि जादा भिंगांचा खर्च वाचतो. गूगलमध्ये या एचडीआर+ तंत्राचे काम ज्या गटाने केले, त्याचे नेतृत्व लेव्हॉय यांच्याकडेच होते. आजच्या फोनमागचे तीन-चार कॅमेरेही मुख्यतः वेगवेगळ्या झूमसाठी असतात, प्रकाशाची बेरीज करण्यासाठी नव्हे.

लाइटने पुढे फोन सोडून वाहनांसाठी खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवला. २०२२ मध्ये तिचे तंत्रज्ञान जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीने विकत घेतले.