ट्रॅक डेला निघालात? टायरमधल्या हवेचं आधी बघा

ट्रॅक डे म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. त्यासाठी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला किंवा कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला गाडी घेऊन जाणारे ग्राहक निघायच्या आधी आमच्याकडे येतात आणि विचारतात, "ट्रॅकसाठी हवा किती भरू?" याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून हे पत्रक. पोलो, आय-ट्वेंटी, स्विफ्ट अशा पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या आणि रोजचे रस्त्यावरचे टायर, एवढंच इथे धरलं आहे. सेमी-स्लिक टायरचं (ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे टायर) गणित वेगळं असतं. तसे टायर असतील तर दुकानात विचारा.

पुण्यातून निघताना

निघताना काहीही वेगळं करू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर असतो, त्यावरची हवा भरा आणि निघा. हजार-बाराशे किलोमीटरचा हायवे, डिकीत सामान, सोबत दोन-तीन माणसं. अशा गाडीत हवा कमी ठेवायची नसते.

शिवाय इथलं सेटिंग तिथे टिकतही नाही. जानेवारीत पुण्यात पहाटे १२ अंशांत भरलेली ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा चेन्नईच्या ३१ अंशांत नुसत्या तापमानाने तीनेक पीएसआय वाढते. उलट पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि चेन्नई समुद्रकाठी, तिथे वातावरणाचा दाब जास्त. त्यामुळे गेजवर (दाब मोजायच्या यंत्रावर) जवळपास १ पीएसआय कमी दिसते. ही बेरीज-वजाबाकी करत बसण्यापेक्षा ट्रॅकवर पोचून, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी ऊन लागायच्या आत गेज लावलेला बरा.

ट्रॅकवर: गरम टायरचा आकडा धरा

रस्त्यावर आपण थंड टायरची हवा मोजतो. ट्रॅकवर टायर तापून जिथे पोचतो तो आकडा महत्त्वाचा. साध्या टायरवरच्या हलक्या हॅचबॅकला पुढे गरम ३५ ते ३७ पीएसआयच्या आसपास चांगली पकड मिळते. त्याच्या बरंच वर गेलं की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि गाडी वळणात पुढून बाहेर सरकायला लागते.

उदाहरण घ्या. स्टिकरवर ३३ आहे. सकाळी थंड असताना चारही चाकांत ३० ठेवली. पहिलं सेशन चार-पाच लॅपचं (ट्रॅकच्या फेऱ्यांचं) केलं, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आलात आणि लगेच गेज लावला: पुढचा डावा ३९, पुढचा उजवा ३७, मागचे ३५ आणि ३४. आता डाव्यातून ३ आणि उजव्यातून १ सोडा, म्हणजे पुढचे दोन्ही ३६ वर आले. मागच्यांना पहिल्या दिवशी हात लावू नका. मागची हवा कमी-जास्त करून गाडीची शेपूट हलकी करता येते (वळणात मागची बाजू सहज सरकते), पण ते पहिल्याच ट्रॅक डेला करायचं काम नाही.

डावा जास्त का तापला? घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात आणि वळताना भार डाव्या बाजूवर जातो. ब्रेक मारला की तोच भार पुढे येतो. म्हणून पुढचा डावा टायर सगळ्यात जास्त मार खातो आणि त्याची झीजही आधी दिसते.

मोजायला उशीर केलात तर आकडा खोटा ठरतो. पिटमध्ये थांबून चहा घेऊन मग मोजलं की दोन-तीन पीएसआय उतरलेली असते. आत आल्या आल्या मोजा, दर वेळी पुढच्या डाव्यापासून सुरू करा आणि वहीत लिहा. गेज स्वतःचा ठेवा. एका पंपावरचं मशीन ३२ म्हणतं, दुसरं ३५. कुठलं बरोबर यापेक्षा दिवसभर एकाच गेजने मोजणं जास्त कामाचं. आणि हो, तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा.

खडूची खूण

पैसे न लागणारी तपासणी ही. टायरच्या कडेला, जिथे रस्त्याला टेकणारी जाळी संपून साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सुरू होते, तिथे खडूने तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा मारा. बऱ्याच टायरवर त्याच जागी छोटा त्रिकोण असतो. सेशननंतर पाहा. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर ठीक. त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवरचाही पुसला असेल तर टायर लोळतोय (कडेवर दुमडतोय), १-२ पीएसआय वाढवा. कडेवरचा खडू तसाच राहिला तर हवा जास्त आहे.

"कमी हवा म्हणजे जास्त पकड" हे ऐकून कुणी थंड २२-२४ वर ट्रॅकवर उतरतात. तसं अजिबात करू नका. साइडवॉल दुमडत राहते, टायर आतून भाजतो, आणि जोरदार वळणात रिमवरून सुटूही शकतो. साध्या टायरला थंड २६ च्या खाली आम्ही कुणालाही सांगत नाही.

पाऊस असेल तर टायर फारसा तापत नाही, हवाही वाढत नाही. तेव्हा सकाळीच ३३-३४ ठेवा.

नायट्रोजन?

भरायचा तर भरा. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर तोही जवळजवळ तेवढाच फुगतो. खरा त्रास कॉम्प्रेसरच्या टाकीतल्या पाण्याचा. ओलसर हवा भरली की गरम झाल्यावर आकडा वेडावाकडा वाढतो. आमच्या टाकीतलं पाणी आम्ही रोज सोडतो, ते बघायला मिळेल.

परतताना

वरच्या उदाहरणातला पुढचा डावा टायर आठवा. त्यातून ३ पीएसआय सोडली होती, म्हणजे रात्री थंड झाल्यावर त्यात २७-२८ च राहते. दुपारी आणखी सोडली असेल तर त्याहून कमी. टायर गरम असताना गेज ३६ दाखवतो, त्यामुळे हे लक्षात येत नाही, आणि लोक तसेच बंगळुरूच्या रस्त्याला लागतात. ट्रॅकवरून निघण्याआधी टायर पूर्ण थंड होऊ द्या आणि चारही चाकांत स्टिकरवरची हवा भरा. थांबायला वेळ नसेल तर गरम टायरमध्येच सोडली तेवढी आणि वर ३ पीएसआय भरून निघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना नीट करा. हवा भरायचा छोटा १२ व्होल्टचा पंप गाडीत असेल तर हे सगळं पार्किंगमध्येच उरकतं.

परत आल्यावर गाडी दाखवायला आणा. चाकं काढून आतली कड, साइडवॉलवरचे फुगे आणि व्हॉल्व्ह तपासतो. त्याचे पैसे घेत नाही. फक्त शनिवारी संध्याकाळी नको, तेव्हा अलाइनमेंटची रांग असते.