निधिकपात आणि सेवाभावी संस्था (बेळगाव सीमाभाग)

सरकारी निधी घटला, अडला किंवा उशिरा आला तरी चालू सेवा बंद पडू नये, यासाठी स्थानिक स्वराज्य संस्था आणि सेवाभावी संस्था यांनी मिळून केलेली व्यवस्था. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तिला ठरावीक नाव नाही. लोक सरळ ‘वर्गणी काढून चालवलंय’ म्हणतात. या वाक्यात गावाने काय केले ते कळते. पंचायतीने काय करायचे होते ते सुटून जाते, आणि खरा विषय तोच आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपातील कर्नाटकाचा हिस्सा ४.७१ टक्क्यांवरून ३.६५ टक्क्यांवर आणला. त्याआधी, २०१५ पासून, अनेक केंद्रपुरस्कृत योजनांत राज्याने भरायचा वाटा ४० टक्के झाला होता. आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार भागवता येत नव्हता. जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका रखडल्या, म्हणजे वरच्या दोन पायऱ्यांवर गावाची बाजू मांडणारा निवडून आलेला सदस्यही उरला नाही. मग पंचायतीच्या हाती राहतो घरफाळा, आणि ऊस-तंबाखूचे पैसे उशिरा आले की तोही थकतो.

कपात सहसा कपात म्हणून येत नाही. हप्ता लांबतो, रिकामी जागा भरली जात नाही, जुना दर तसाच राहतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा तरुण मंडळे आणि सरकारी यंत्रणा दोघेही धावून आले. पाणी सर्वांना दिसत होते. अंगणवाडीचे थकलेले भाडे फक्त सेविकेला आणि घरमालकाला दिसते.

शाळेतल्या अंड्याचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. कर्नाटकात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना आठवड्यातून दोन दिवस अंडे मिळत असे. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपये देऊन उरलेल्या चार दिवसांची सोय केली. मराठी शाळेतल्या मुलाच्या ताटातही ते अंडे आले, ही फार मोलाची गोष्ट आहे. दर धरला होता अंड्यामागे ६ रुपये. खरेदी, गॅस, सोलणाऱ्या बाईची मजुरी आणि आणणावळ सगळे त्यातच. बाजारात भाव चढला की हिशेब कोलमडतो. समजा, १२० मुलांची शाळा आहे आणि अंड्यामागे ५० पैसे कमी पडतात. दिवसाला ६० रुपये, सहा दिवसांचे ३६०. ही रक्कम मोठी नाही, पण मुख्याध्यापकांनी दर आठवड्याला ती खिशातून घालावी हे योग्य नाही. अशा वेळी गावच्या मंडळाने एकदम पाच हजारांची देणगी देऊन फोटो काढण्यापेक्षा एसडीएमसीने (शाळा विकास व देखरेख समिती, २००१ पासून) दर महिन्याची तूट लिहून काढावी, आणणावळ पंचायतीने उचलावी, भावातला फरक मंडळाने द्यावा, हे जास्त टिकते. शिवाय तूट कागदावर राहते, त्यामुळे पुढच्या वर्षी दर वाढवून मागता येतो. मुकाट्याने भरलेली तूट सरकारदरबारी नसल्यातच जमा होते.

बाहेरचा पैसा संपण्याआधीच संस्था उभी करण्याचा धडा याच जिल्ह्यात आहे. देवदासी प्रथेवर १९८२ च्या कायद्याने बंदी आली. राज्य महिला विकास महामंडळ आणि मायराडा ही स्वयंसेवी संस्था यांच्या पुनर्वसन प्रकल्पातून १९९७ मध्ये घटप्रभा येथे ‘मास’ ही माजी देवदासी स्त्रियांची स्वतःची संस्था उभी राहिली. तिच्या नेत्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रकल्पाला मुदत असते. ज्यांच्यासाठी तो आला त्या बायकाच कारभारी झाल्या, तर काम मुदतीबरोबर संपत नाही.

सीमाभागाची अडचण दुहेरी आहे. पंचायतीचा व महानगरपालिकेचा कारभार कन्नडमध्ये चालतो, आणि वर्गणी गोळा करणारी वडीलधारी माणसे मराठी वाचतात. निधी थांबल्याचे पत्र फलकावर लागूनही महिनाभर कुणाला कळत नाही असे होते. दुसरीकडे महाराष्ट्राकडून येणारी मदत वादात सापडते: २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याच्या निर्णयावर कर्नाटकाने हरकत घेतली. आजारी माणसाला उपचार कोणत्या राज्याच्या पैशाने झाला याने फरक पडत नाही. पण ही मदत कधी अडेल याचा नेम नसल्याने नेहमीच्या खर्चासाठी तिच्यावर विसंबणे संस्थांना परवडत नाही.

कायदेशीर बाजूही जाणून घ्यावी लागते. विदेशी देणगी कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येईनासा झाला, म्हणजे गावच्या छोट्या मंडळाची एक वाट बंद झाली. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी हवा तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि गणेशोत्सव मंडळाकडे ती नसते. साखर कारखान्यांच्या या मुलखात नोंदणी असलेल्या एका संस्थेने चार गावांचे काम अंगावर घेणे हाच त्यातला व्यवहार्य मार्ग दिसतो. मंडळांनी माणसे द्यावीत, पंचायतीने खोली, पाणी आणि वीजबिल.

या सगळ्यासाठी नवी समिती काढायची गरज नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या हिशेबाची उघड तपासणी होते. तिला ‘जमाबंदी’ म्हणतात आणि तिचे नियम २००० चे आहेत. त्या दिवशी पंचायतीच्या जमाखर्चाशेजारी मंडळाचे पावतीपुस्तकही टेबलावर ठेवता येते. न आलेल्या हप्त्यांची यादी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत मोठ्याने वाचायला फार तर अर्धा तास जास्त लागेल, आणि तो पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) व मंडळाचा खजिनदार यांनी आधी बसून ठरवून घ्यावा.